दूरच्या गिऱ्हाइकास ट्रॅक्टर विकताना पैसे कसे घ्यावेत

जुना ट्रॅक्टर विकून नवा घेणे किंवा त्या पैशांतून विहीर व पाईपलाईन यांचे काम करणे ही अनेक शेतकऱ्यांच्या दृष्टीने मोठी उलाढाल असते. पूर्वी असा सौदा पंचक्रोशीत होत असे. घेणारा ओळखीचा असे व मध्यस्थ गावचाच असे. आता भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाहून दोनशे कोसांवरचे गिऱ्हाईक चौकशी करते. त्यामुळे भाव चांगला मिळतो, ही गोष्ट खरी. परंतु पैसे हाती पडण्यापूर्वी वाहन दाराबाहेर गेले तर ते परत मिळविणे फार कठीण होते. म्हणून अशा व्यवहारातील रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

फसवणूक कशी होते

असे समजा की, निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर ४,२०,००० रुपयांस अकोला जिल्ह्यातील गिऱ्हाइकास देण्याचे ठरविले. गिऱ्हाइकाने ४,७०,००० रुपयांचा धनादेश पाठविला आणि वरचे ५०,००० रुपये ट्रॅक्टर नेण्यास येणाऱ्या मालमोटारवाल्यास रोख द्यावेत, असे कळविले. शेतकऱ्याने धनादेश बँकेत भरला, भरणा पावती घेतली आणि त्याच सायंकाळी ट्रॅक्टर व रोख रक्कम दोन्ही स्वाधीन केली. पुढे धनादेश न वटता परत आला. येथे ट्रॅक्टरही गेला आणि पदरचे ५०,००० रुपयेही गेले. ठरल्या किमतीपेक्षा अधिक रक्कम पाठवून फरक परत मागणारे गिऱ्हाईक हे धोक्याचे पहिले चिन्ह होय.

दुसरा प्रकार भ्रमणध्वनीवरील देवघेवीचा आहे. समोरचा मनुष्य आपण सैन्यातील अधिकारी असल्याची बतावणी करतो, विसार पाठवितो असे म्हणतो आणि एक चौकोनी संकेतचित्र पाठवून ते उघडण्यास व गुप्त क्रमांक घालण्यास सांगतो. येथे एकच नियम ध्यानात ठेवावा. पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही घालावा लागत नाही. तो केवळ पैसे देताना लागतो. गुप्त क्रमांक घातला की रक्कम येत नाही, आपल्याच खात्यातून जाते. तसेच पैसे पाठविल्याचे छायाचित्र किंवा संदेश बनावट असू शकतो. अशा संदेशास पैसे मिळाल्याचा पुरावा मानू नये.

पैसे घेण्याचे मार्ग

धनादेश : धनादेश भरला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. तो वटून रक्कम काढण्याजोगी झाली की नाही, हे स्वतः आपल्या शाखेत जाऊन विचारावे. धनादेश न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ अन्वये फिर्याद करता येते. त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते व तिच्या प्राप्तीनंतर १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. तथापि, कोर्टाची वाट धरण्यापेक्षा धनादेश वटेपर्यंत ट्रॅक्टर खळ्यात उभा ठेवणे केव्हाही स्वस्त पडते.

डिमांड ड्राफ्ट : हा धनादेशापेक्षा बरा, पण बनावट ड्राफ्टही आढळतात. ज्या शाखेने तो दिला असेल तिच्याकडून आपल्या बँकेमार्फत खात्री करून घ्यावी. ड्राफ्टवर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विसंबू नये.

रोख : २०१७ पासून आयकर कायद्यान्वये एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. ती हप्त्याहप्त्याने घेतली तरी मनाई कायम राहते. घेणाऱ्यास तितकाच दंड होऊ शकतो.

बँकेतून थेट भरणा : २ लाख व त्यावरील रकमेसाठी आर. टी. जी. एस. ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. त्याहून लहान रकमेसाठी एन. ई. एफ. टी. आहे. गिऱ्हाइकास केवळ आपले नाव, खाते क्रमांक व शाखेचा आय. एफ. एस. सी. संकेतांक द्यावा. पैसे येण्यास याहून अधिक काही लागत नाही. रक्कम गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच यावी. तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेले पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतील निघाल्यास चौकशीत आपलेच खाते गोठविले जाण्याचा संभव असतो.

उभयपक्षी सोयीची रीत

गिऱ्हाइकासही भीती असते की, पैसे दिले आणि ट्रॅक्टर मिळाला नाही तर काय करावे. म्हणून पुढील क्रम दोघांसही न्याय्य ठरतो. प्रथम थोडा विसार खात्यात घ्यावा व त्याची पावती द्यावी. नंतर गिऱ्हाइकाने किंवा त्याच्या विश्वासू माणसाने गावी येऊन ट्रॅक्टर चालवून पाहावा व कागदपत्रे तपासावीत. मग बँकेच्या कामाच्या वेळी दोघांनी विक्रेत्याच्या शाखेत बसावे, गिऱ्हाइकाने आपल्या बँकेतून उरलेली रक्कम पाठवावी आणि ती जमा झाल्याची नोंद पासबुकात पाहून मगच किल्ली द्यावी. सुट्टीच्या आदल्या सायंकाळी घाई करणाऱ्यास दुसऱ्या दिवशी येण्यास सांगावे. खऱ्या गिऱ्हाइकास त्यात राग येण्याचे कारण नाही.

कागदपत्रांची दक्षता

पैसे मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. हस्तांतराचे नमुना २९ व ३० कोरे सही करून कधीही देऊ नयेत. ट्रॅक्टरवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा. गिऱ्हाईक परराज्यातील असल्यास परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. ताबापावतीवर दिनांक व वेळ घालून दोघांच्या व साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. हे चुकवू नये. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

फसवणूक झाल्यास

लाजेखातर गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत व सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवावी. ज्या घरी विक्रीची बोलणी चालू असतील तेथे जाऊन कागदपत्रे पाहण्यास साह्य करावे. आधी खात्यात रक्कम, मग हातात किल्ली, हा एवढा क्रम प्रत्येक घरी पाळला गेला तरी पुष्कळ नुकसान टळेल.