सोरॉरिटीत जाण्याआधी

चि. सई,

सोरॉरिटीत, म्हणजे मुलींच्या त्या संघटनेत, जायचं तुझ्या मनात आहे आणि दादाला ते मुळीच पसंत नाही, हे वहिनीकडून कळलं. तू माझं मत विचारलंस, तर माझं मत आहे, जा. इंजिनिअरिंगच्या वर्गात अजूनही मुली कमीच असतात. घरापासून इतक्या लांब, इंडियानाच्या थंडीत, ताप आला तर खोलीवर सूप आणून देणारं कुणीतरी हवंच. दादाची समजूत मी काढीन.

मात्र तुमच्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगची सगळी मुलं पहिलं वर्ष एकत्र शिकतात आणि शाखा नंतर मिळते, हे विसरू नकोस. त्या वर्षीच्या ग्रेड्स महत्त्वाच्या. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे दोन तास धरतात. तुझी 16 क्रेडिट्स म्हणजे 48 तास. त्यात सोरॉरिटीतलं नव्या मुलींचं प्रशिक्षण, चॅप्टर मीटिंग, समाजसेवा, शनिवारची फुटबॉल मॅच. तासांची बेरीज कशीबशी जमेलही. पण मीटिंग चुकवलीस तर दहा जणी विचारतील, काही ठिकाणी दंडही भरावा लागतो. कॅल्क्युलसची उदाहरणं राहिली, तर त्या रात्री कुणी विचारायला येत नाही. कळतं ते थेट परीक्षेत. म्हणून ज्या कामाची आठवण करून देणारं कुणी नाही, त्याचीच वेळ वहीत आधी लिही. तुमच्याकडे बऱ्याच मोठ्या परीक्षा संध्याकाळी असतात आणि मीटिंगाही संध्याकाळीच. परीक्षेच्या आठवड्यात मी कुठलीही जबाबदारी घेणार नाही, हे बिड, म्हणजे सोरॉरिटीचं आमंत्रण, स्वीकारण्याआधी स्पष्ट सांग. त्यावर त्या मुली काय बोलतात, ते नीट ऐक.

तुझ्याच विद्यापीठातली एक गोष्ट सांगते. रश्मी खन्ना आणि ॲबी मॅकडॉनल्ड या इंजिनिअरिंगच्या दोन विद्यार्थिनींना अभ्यासाच्या ओझ्यामुळे सोरॉरिटींच्या रशमध्ये, म्हणजे नव्या सदस्यांच्या रिक्रूटमेंटमध्ये, भाग घेता येईना. तेव्हा 1984 मध्ये त्यांनी पर्ड्यूतच फाय सिग्मा रो ही इंजिनिअरिंगच्या मुलींसाठीची सोरॉरिटी काढली. आज तिच्या शाखा अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. तिथे एकदा तरी जाऊन ये. एखाद्या सोरॉरिटीच्या मोठ्या, जुन्या घराची हौस असेल तर तेही बघ, पण तिथल्या अध्यक्षीणबाईंना प्रश्न विचारण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाला असलेली इंजिनिअरिंगची मुलगी शोध. थर्मोडायनॅमिक्सच्या सेमिस्टरला तिचं कसं निभावलं, वर्षाची वर्गणी एकूण किती पडली, तेही विचार. इंजिनिअरिंगची एकही मुलगी तिथे टिकली नसेल, तर ते घर सोड.

एका बाबतीत मात्र मी काही ऐकणार नाही. 2017 च्या फेब्रुवारीत पेन स्टेटमध्ये टिमथी पियाझा हा 19 वर्षांचा मुलगा, तोही इंजिनिअरिंगचाच, मुलांच्या फ्रॅटर्निटीत दाखल होण्याच्या रात्री खूप दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला. मदतीसाठी फोन करायला सोबतच्या मुलांनी जवळजवळ 12 तास लावले. तो वाचला नाही. 2024 च्या कायद्याने आता कॉलेजांना हेझिंगच्या, म्हणजे नव्या सदस्यांच्या अशा छळाच्या, दोषी संघटनांची नावं जाहीर करावी लागतात; ती यादी उघडून वाच. कुणी काही बळजबरीने करायला लावलं, तर लगेच बाहेर पड आणि मला फोन कर. रात्रीचे किती वाजलेत याचा विचार करू नकोस.

रविवारी बोलू. तोवर सगळ्या विषयांचे सिलॅबस पाठव. परीक्षांच्या तारखा आधी मांडू, मग रिक्रूटमेंटच्या.

तुझी,
आत्या