चांदीच्या कणांसोबत काम करताना

प्रकाश रेणूवर आपटून विखुरतो तेव्हा त्यातली थोडी ऊर्जा रेणू स्वतःच्या कंपनांसाठी ठेवून घेतो. किती ठेवली यावरून रेणू ओळखता येतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना हा परिणाम दिसला. अडचण एवढीच की कोटीभर प्रकाशकणांतला एखादाच असा वागतो. म्हणून पाण्यातला कीटकनाशकाचा अंश साध्या रामन यंत्राला दिसत नाही. तोच रेणू चांदीच्या किंवा सोन्याच्या नॅनोकणांवर बसवला की दिसू लागतो. प्रयोगशाळेत आम्ही या पद्धतीला ‘सर्स’ म्हणतो. पुण्यात बरीच वर्षं मी हेच काम करते आहे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना जे सांगत असते, ते इथे लिहिते आहे.

१. पाण्यापासून सुरुवात करा

नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की त्यातल्या क्लोराइडमुळे पाणी दुधाळ होतं, हे बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या क्लोराइडचा मागमूससुद्धा कणांच्या वाढीत ढवळाढवळ करतो. पाणी शुद्धच हवं आणि फ्लास्क अ‍ॅक्वा रेजियाने धुतलेला हवा: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. हे मिश्रण फ्युम हुडमध्येच, लागेल तेवढंच करायचं आणि बाटलीत बंद करून कधीही ठेवायचं नाही.

२. रंग वाचायला शिका

आमच्याकडे सुरुवात ली आणि मायझेल यांच्या १९८२च्या कृतीने होते. ५०० मिलिलिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घालून उकळी आणायची, १ टक्का सोडियम सायट्रेटचं द्रावण १० मिलिलिटर सोडायचं आणि तासभर उकळत ठेवायचं. या तासात मोबाइल बाजूला ठेवून फ्लास्ककडे बघत बसा, असा माझा आग्रह असतो. आधी काही घडत नाही. मग फिकट पिवळी झाक येते, ती गडद होत जाते आणि शेवटी हिरवट पिवळं, गढूळ द्रावण उरतं. ते खिडकीसमोर धरलं तर पिवळट तपकिरी दिसतं, मागे काळा कागद धरून बाजूने पाहिलं तर राखाडी. शोषलेला प्रकाश आणि विखुरलेला प्रकाश असे वेगवेगळे डोळ्यांनी दिसतात. याचं शोषण ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. तो उंचवटा पसरट आला तर कण लहानमोठे झाले आहेत असं समजावं.

सोन्याचे बारीक कण लालबुंद दिसतात. फॅरडेने १८५७मध्ये अशा लाल द्रावणांचा अभ्यास केला होता आणि त्याचे नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने आजही जपून ठेवले आहेत. आकार बदलला की रंगही बदलतो. इथेच, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे तयार झाले आणि ते काम २००४मध्ये प्रसिद्ध झालं. ते पापुद्रे अवरक्ताच्या जवळचा प्रकाश शोषतात. स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या पातीतून हे निघालं, याचा मला आजही आनंद होतो.

३. ताकद फटीत असते

१९७४मध्ये साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा ठळक रामन संकेत मिळाला. खडबडीतपणामुळे क्षेत्रफळ वाढलं, जास्त रेणू बसले, असं त्यांनी मानलं. १९७७मध्ये अमेरिकेत जॅनमेअर आणि व्हॅन डाइन, इंग्लंडात अल्ब्रेक्ट आणि क्रायटन, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हा हिशेब जुळत नाही. संकेत लाखो पटींनी वाढतो, क्षेत्रफळ तेवढं वाढत नाही.

खरं कारण धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं आहे. योग्य रंगाचा प्रकाश पडला की ते एकत्र डोलतात आणि कणाला लागून प्रकाशाचं विद्युतक्षेत्र वाढतं. क्षेत्र दहापट झालं तर रामन संकेत ढोबळमानाने दहा हजारपट होतो, कारण आत येणारा आणि बाहेर जाणारा असा दोन्ही प्रकाश वाढतो. दोन कणांमध्ये एखाद-दोन नॅनोमीटरची फट उरली तर तिथे ही वाढ कितीतरी अधिक असते. इलिनॉयमधल्या ड्लॉट यांच्या गटाने २००८मध्ये चांदीच्या एका पृष्ठभागावर याची मोजदाद केली. दर दहा लाख जागांपैकी अवघ्या ६३ जागा सर्वांत जास्त वाढ देणाऱ्या निघाल्या आणि एकूण संकेताचा २४ टक्के वाटा त्या जागांचा होता.

हा आकडा मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर लिहून दाखवते. संकेत दुप्पट आला म्हणजे रेणू दुप्पट आहेत असं का म्हणता येत नाही, ते त्यातून कळतं. लेझरचा ठिपका जरा सरकला की फटी बदलतात. म्हणून एका ठिपक्यावर भरवसा नको. नमुन्यावर ठिकठिकाणी मोजा आणि फरक किती आला ते निकालाशेजारी लिहा.

कण एकमेकांजवळ आणायला आम्ही मीठ वापरतो. मिठाने कणांवरच्या ऋण भाराचं एकमेकांना ढकलणं झाकलं जातं आणि ते जवळ येतात. लाल सोनं जांभळं, मग निळं होतं. थोडं थांबलात तर तळाशी काळा गाळ बसतो आणि सगळं वाया जातं. मीठ टाकल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून पाळावा.

४. चांदीला कोण धरतं, ते आधी बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा हा आहे. क्षेत्राची वाढ कणापासून दूर जाताना झपाट्याने ओसरते, त्यामुळे जो रेणू धातूला चिकटत नाही तो जवळपास दिसतच नाही. पृष्ठभाग रेणूंची निवड करतो.

थायरम घ्या. बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम चोळायचं हे बुरशीनाशक आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे. चांदीपाशी आलं की त्याच्या रेणूतला दोन सल्फरमधला बंध तुटतो, दोन्ही तुकडे धातूला घट्ट धरतात आणि वर्णपटात १३८० सेमी⁻¹च्या सुमारास उंच पीक (शिखर) उभं राहतं. दिसायला फारच सुरेख! पण झायरमसुद्धा चांदीवर तोच तुकडा ठेवतो. त्या पिकावरून ‘या कुळातलं काहीतरी आहे’ एवढंच म्हणता येतं, नाव सांगायला दुसरी चाचणी लागते.

आता क्लोरमेक्वाट क्लोराइड. २०१०मध्ये महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली ती याच वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. त्यात धातूला धरणारा सल्फर नाही, प्रकाशाला ठळक उत्तर देणारं कडं नाही. निफाडकडचा माझा मावसभाऊ द्राक्षं करतो. एकदा त्याने विचारलं, “ताई, तुझं ते यंत्र बागेत आणून घडावर धरलं तर कळेल का माल पास होईल की नाही?”

“दादा, काही औषधांचं कळेल,” मी म्हटलं. “ज्याचा तुला धसका आहे, त्याचं मात्र लॅबच्याच रिपोर्टवर विसंबून राहा.”

त्याचा चेहरा पडला. तरी या पद्धतीबद्दल आस्था असलेल्या प्रत्येकाने शेतकऱ्याला हेच सांगायला हवं, असं मला वाटतं. एका औषधाचं पीक दाखवून ‘सगळी औषधं ओळखतो’ म्हणणाऱ्या यंत्रावर त्याच्या कंटेनरचं भवितव्य टांगता येत नाही.

५. ब्लँकशिवाय काहीही मानू नका

सायट्रेट स्वतःच पिकं देतं. तापलेल्या सेंद्रिय मळाचा कार्बन १३५० आणि १५८०च्या आसपास रुंद उंचवटे देतो, आणि उत्साहाच्या भरात ते हव्या त्या रेणूचे वाटतात. कणांचं तेच द्रावण, तेच मीठ, तोच द्रावक, फक्त नमुना नाही, असा वर्णपट शेजारी हवाच.

६. लेझर जपून

पॉवर वाढवल्याने संकेत वाढतो, नमुनाही जळतो. सलग मोजताना पिकं बदलत गेली तर पॉवर उतरवा.

७. आधी किती पट, ते विचारू नका

१९९७मध्ये दोन गटांनी एकेकटा रेणू पाहिल्याचं जाहीर केलं, तेव्हा शंभर लाख कोटी पट वाढीचे आकडे चर्चेत होते. पुढे काटेकोर मोजणीतून दिसलं की एक रेणू दिसायला एक ते दहा कोटी पटही पुरते. शिवाय बहुतेकजण ऱ्होडामीन ६जी हा रंग वापरून पृष्ठभाग पारखतात. हिरव्या लेझरला तो मुळातच जोरदार प्रतिसाद देतो. त्यावर चमकलेला पृष्ठभाग दुधातल्या मेलामाइनवर तसाच चमकेल असं नाही. आम्ही विकत घेतलेल्या एका पट्टीवर एका कडेचा संकेत दुसऱ्या कडेला मिळेना, वेष्टनावर मात्र वाढीचा भलामोठा आकडा छापलेला. पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या हाताने, दुसऱ्या पट्टीवर तेच उत्तर येतं का, हे आधी विचारा.

८. जिथे जोड जमते, तिथे ही पद्धत वापरा

जुन्या वस्तूंवरचे सेंद्रिय रंग साध्या रामनला दाद देत नाहीत, कारण त्यांच्या प्रतिदीप्तीत संकेत बुडून जातो. चांदीवर बसले की ती प्रतिदीप्ती विझते, रेणू धातूला धरतो आणि नमुना डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पुरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मार्को लिओना यांनी असेच कण वापरून प्राचीन इजिप्तच्या कातडी भात्याच्या तुकड्यावर मॅडर ओळखला, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा रंग. तो तुकडा सुमारे चार हजार वर्षांचा आहे. बाराव्या शतकातल्या एका फ्रेंच लाकडी मूर्तीवर त्यांना लाख सापडली. लाख पूर्वेकडची, भारत आणि आग्नेय आशियातली. इतक्या आधी ती फ्रान्सच्या मूर्तीवर होती, हे चांदीच्या कणांवरच्या एका वर्णपटाने सांगितलं.