कोणत्या हाताचं बीपी?

बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात पुण्याहून माहेरी, जिंतूर तालुक्यात आले. इथल्या पहिल्याच तपासणीत डाव्या हाताला पट्टा बांधला आणि बीपी फारच कमी आलं. मनगटाला नाडीही लागेना. ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावू,’ असं ठरलं. मला ताकायासू आर्टरायटिस आहे, हे मी सांगत होते. पण ते नाव तिथं कुणी ऐकलेलं नव्हतं. शेवटी फाइलीतला कागद पुढं केला. ‘बीपी उजव्या हाताचंच धरावं,’ असं त्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. उजव्या हाताला मोजलं, तर बीपी चांगलंच वाढलेलं! त्यावर सलाईन चढलं असतं, तर हृदयावरचा ताण आणखी वाढला असता.

या आजारात महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येते, भिंती जाड होतात, रक्ताची वाट अरुंद होते. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांमधले बदल मांडले, त्यांचंच नाव आजाराला मिळालं. तो बहुतेक तरुण स्त्रियांना होतो, म्हणजे नेमका लेकरं होण्याच्या वयात. हाताकडे जाणारी धमनी अरुंद झाली की त्या हातात बीपी कमी दिसतं. शरीरातलं खरं बीपी तेव्हा वाढलेलं असू शकतं.

सिझर ठरलं, तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमनी नीट समजावलं. कमरेत एकदाच दिलेल्या इंजेक्शननं बीपी झपाट्यानं उतरू शकतं. मानेतल्या धमन्या अरुंद असतील तर मेंदूला रक्त कमी पडतं. पूर्ण भूल दिली तर घशात नळी घालताना बीपी उसळू शकतं, मान फार मागे वाकवणंही धोक्याचं. मला एपिड्युरल दिलं: पाठीत बारीक नळी ठेवून औषध थोडं थोडं सोडत गेले. मी जागी होते, मॅडम सतत बोलत होत्या. माझ्या उत्तरांवरून मेंदूला रक्त नीट पोचतंय हे त्यांना कळत होतं. हीच भूल प्रत्येकीला चालेल असं नाही. ते धमन्यांच्या तपासण्या आणि हृदयाची स्थिती पाहूनच ठरतं.

म्हणून बायांनो, एवढं करा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते. तिथं दोन्ही हातांचं बीपी मोजायला सांगा. फरक दिसला, काम करताना एकच हात भरून येत असेल किंवा नाडी लागत नसेल, तर पायाचंही मोजून घ्या आणि पुढची तपासणी मागा.

आजार माहीत असेल, तर कोणत्या हाताचं किंवा पायाचं बीपी खरं, हे डॉक्टरांकडून फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. माहेरी जाताना फाइल सोबतच न्या.

स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं बंद करू नका. ऑपरेशनच्या वेळी जास्तीचा डोस लागू शकतो. रक्त पातळ करणारं औषध शेवटचं कधी घेतलं ते सांगा, पाठीतलं इंजेक्शन त्यावर ठरतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला देतात त्या मिथाइल-अर्गोमेट्रिननं बीपी एकदम वाढू शकतं, म्हणून आजाराची कल्पना लेबर रूमलाही आधीच द्या.

परभणी, नांदेड की संभाजीनगर. हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एका जागी कुठं मिळेल, याची चौकशी आशाताईंना सोबत घेऊन वेळेत करा. कळा सुरू झाल्यावर १०८ बोलावता येते. पण अशा बाईची भूल ठरवायला त्या घाईत सवड नसते. भूलतज्ज्ञांची भेट त्याआधीच घ्या.