दख्खनी लोकर : स्वेटरला की घोंगड्याला?

आमच्या वाड्यावर मेंढरं आहेत म्हटल्यावर रूमवरचा एक मित्र म्हणाला, "दोन किलो लोकर आण की, बहिणीला स्वेटर विणायचाय." मी नाही म्हटलं. का, ते सांगतो.

आमची मेंढरं दख्खनी, बहुतेक काळी. मेरिनो लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाड, तर दख्खनीतले पुष्कळ तंतू ४० च्या वर. फरक दुप्पट वाटतो ना? पण एस. ओ. एम. आठवा! गोल छेदाचा 'आय' व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तंतू १६ पट ताठ. बारीक तंतूचं टोक कातडीला टेकलं की ऑयलरच्या कॉलमसारखं वाकतं, जाड तंतूचं तसंच टोचतं. ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू थोडे जरी असले तरी अंग खाजतं. शिवाय मेरिनोच्या तंतूला बारीक नागमोड असते, त्यामुळे विणलेला टाका ताणून सोडला की परत जागेवर येतो. दख्खनीत ती कमीच.

घोंगड्याला मात्र हाच ताठपणा लागतो. ते कपड्यावरून घ्यायचं, खडकावर अंथरायचं; दबून चपटं झालं तर काय कामाचं? सणगर मंडळी ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ते मागावर विणतात.

त्यातही निवड असते. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ. आमची आजी ती वेगळीच ठेवते. लोकर घेताना एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका द्या. चरचर आवाज आला तर ती सुतात तुटणार. ती वाढत असताना मेंढी उपाशी किंवा आजारी असावी. जाडे, ठिसूळ केस हातानेच वेचून टाकायचे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय टकळीवर सूत एकसारखं येत नाही.

आता आमच्याकडे लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून काहीजण माडग्याळ मेंढरं धरू लागलेत. त्यांना लोकर नावालाच, पण मटणाला भाव! पोट त्यावर चालतं, त्यांना नावं कशी ठेवणार? पण काळा कळप गेला की घोंगड्याचं सूत कुठून आणायचं?

फायनल इयरला या लोकरीचा नमदा करून तो आवाज किती शोषतो हे मोजायचा माझा विचार आहे. पार्टनर हवाय. लोकर घरची आहे, वेचायला मात्र बसावं लागेल.