नशा उतरल्यावरची सकाळ

(उपदेशक व मंडळीतील वडील ह्यांच्या अभ्यासासाठी. पाठापूर्वी उत्पत्तीच्या 9 व्या अध्यायातील 18 ते 29 ही वचने सावकाश वाचून घ्यावीत.)

एका रविवारी सकाळी आम्ही उपासनेच्या तयारीत असता एक तरुण दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तरी येईना. हा बार्शीटाकळीकडील एका खेड्यातला. त्याचे आईबाप शेतमजुरी करणारे, आणि लेक शिकून अकोल्यास जठारपेठेतील एका कचेरीत कारकून लागला ह्याचा त्या घरास केवढा अभिमान! आदल्या रात्री कचेरीचा वार्षिक जेवणाचा समारंभ गावाबाहेरील एका ढाब्यावर झाला होता. तेथे वरिष्ठांनी पेला हाती दिला, सोबत्यांनी आग्रह केला, आणि एकाचे दोन, दोनाचे किती झाले हे त्याचे त्यास स्मरेना. त्याने वृद्ध शिपायाच्या बोलण्याची सर्वांदेखत नक्कल केली. हिशेब पाहणाऱ्या एका बाईंस तो काही अपशब्द बोलला. मग रडला, ओकला, आणि ज्याची नक्कल केली त्याच शिपायाने त्यास रिक्षात घालून खोलीवर पोहोचविले. ह्यातील निम्मे त्यास दुसऱ्यांकडून कळले, व उरलेले कोणी मोबाईलवर टिपून कचेरीच्या गटात पाठविले होते त्यावरून.

तो म्हणाला, “काकाजी, उद्या मी कोन्त्या तोंडानं जाऊ? राजीनामा लिहून धाडतो.”

आम्ही प्रथम त्यास चहा दिला. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर चहाबरोबर देण्याजोगे नव्हते, आणि असा प्रश्न आज ना उद्या आपणांपैकी प्रत्येक उपदेशकाच्या दारात येणार आहे. म्हणून हा पाठ.

शरीरात काय घडते

दारूविषयी बोलताना आपण थेट आत्म्याकडे धाव घेतो आणि शरीरास विसरतो. हे बरे नव्हे. बाटलीतील विलायती म्हणविणाऱ्या दारूच्या 30 मिलिलिटरच्या एका मापात सुमारे 10 ग्रॅम निव्वळ मद्यार्क असतो, आणि तेवढा मद्यार्क निकालात काढण्यास यकृतास अदमासे एक तास लागतो. कोणाचे शरीर थोडे जलद, कोणाचे सावकाश, परंतु लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ ह्यांपैकी कशानेही हे काम त्वरेने होत नाही. ज्याने मध्यरात्रीपर्यंत आठ मापे घेतली, त्याच्या रक्तात सकाळीही दारू असू शकते. मोटार वाहन कायद्याने ठरविलेली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम इतकीच आहे. तीपलीकडे वाहन चालविल्यास पहिल्या अपराधालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. “रात्रीची उतरली” असे म्हणून पहाटे फटफटीवर बसणाऱ्यास हे अवश्य सांगावे.

आठवण न राहणे ह्यासही कारण आहे. दारू भराभर चढली म्हणजे मेंदूचा जो भाग नव्या आठवणी साठवितो तो काम थांबवितो. माणूस बोलतो, चालतो, भांडतोही, परंतु त्याची नोंदच होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी “मला काही आठवत नाही” असे म्हणणारा नेहमी लबाड असतो असे नाही. तथापि आठवत नाही म्हणून घडले नाही, असेही नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांसही पूर्वी ठाऊक नव्हती. दारू मेंदूस काही काळ निववते. त्याविरुद्ध मेंदू आपले जागृतीचे बळ वाढवितो. दारू ओसरते, परंतु ते वाढलेले बळ लगेच ओसरत नाही, आणि मग छाती धडधडते, हात कापतात, अकारण भय दाटते. त्या तरुणाच्या अंगी रविवारी जी थरथर होती, तिचा एक हिस्सा पश्चात्तापाचा आणि दुसरा निव्वळ उतरत्या दारूचा होता. हे दोन हिस्से वेगळे करणे उपदेशकाचे पहिले काम होय. उतरत्या दारूच्या भयात राजीनामे लिहू नयेत, आणभाका घेऊ नयेत, आणि उपदेशकाने घेववूही नयेत. आम्ही त्यास पाणी पाजून, जेवू घालून निजविले. त्या दिवशी तो उपासनेस आला नाही ह्याबद्दल आम्ही त्यास बोल लावला नाही.

लाजेचा पेला

राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. गडकरी आपल्या विदर्भातच, नागपूरजवळ सावनेर येथे, 23 जानेवारी 1919 रोजी वारले, आणि त्यानंतर त्याच वर्षी ते नाटक रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील. तो चैनीखातर पहिला पेला घेत नाही. न्यायालयात अपमान होऊन त्याची सनद काही काळ रद्द होते, आणि ती मानहानी सोसवेना म्हणून तो तळीरामाच्या हातचा पेला घेतो. नाटककाराने येथे मर्मावर बोट ठेविले आहे. मनुष्यास व्यसनाकडे नेणारी वाट पुष्कळदा सुखातून जात नाही, लाजेतून जाते. पहिल्या रात्री पिऊन लाजला, दुसऱ्या रात्री लाज विसरण्यास प्याला, तिसऱ्या दिवशी लाजण्यास आणखी कारण झाले.

तेव्हा जो उपदेशक अशा माणसास मंडळीपुढे उभा करून आणखी लाजवितो, तो त्यास कोठे ढकलतो ह्याचा विचार करावा. पूर्वी अशी शिक्षा झालेली आम्ही पाहिली आहे. तीमुळे पिणारे कमी झाले नाहीत, उपासनेस येणारे मात्र कमी झाले.

नोहाचे तीन पुत्र

आता वाचलेल्या वचनांकडे वळू. नोहा हा काही गावगुंड नव्हता. जलप्रलयातून पार पडलेला तो नीतिमान पुरुष. परंतु द्राक्षमळा लावून तो इतका प्याला की आपल्या डेऱ्यात उघडाच पडला. हामाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांस सांगितले. शेम व याफेथ ह्यांनी वस्त्र खांद्यांवर घेतले, पाठमोरे चालत आत गेले, आणि न पाहता पित्यास झाकले. (ह्या गोष्टीच्या शेवटी असलेल्या शापाचा आधार घेऊन पुढे आफ्रिकेतील माणसांस गुलाम करणे न्याय्य ठरविण्यात आले. हा त्या वचनांचा घोर दुरुपयोग होय. कोणी विचारल्यास उपदेशकाने तसे स्पष्ट सांगावे.)

हाम आज कोठे आहे? मोबाईल उंच धरून तो ढाब्यावर उभा होता. पाहणे हा त्याचा दोष नव्हे, कारण दृष्टीस पडते ते पडते. बाहेर नेऊन सांगणे हा दोष. ज्यांच्या हाती ते चित्र आले त्यांनी ते पुढे न धाडता पुसून टाकावे. आपल्या मंडळीतील तरुणांस एवढे शिकविता आले तर ह्या अध्यायाचा चांगला उपयोग झाला असे आम्ही समजू.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. नोहाने डेऱ्यात कोणास दुखविल्याचे वर्णन नाही. तो केवळ स्वतः उघडा पडला. त्या तरुणाने मात्र दोघांस दुखविले होते. स्वतःच्या फजितीवर वस्त्र घालावे. दुसऱ्याच्या जखमेवर वस्त्र घालून ती दडवू नये. कचेरीतील स्त्रीस समारंभात अश्लील वा अपमानकारक बोलणे ही थट्टा नव्हे. 2013 च्या कायद्याप्रमाणे, दहा किंवा अधिक माणसे काम करितात अशा प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असलीच पाहिजे, आणि कामानिमित्त जेथे जाणे घडते ती जागाही त्या कायद्यात कामाची जागाच गणली आहे. त्या बाईंनी तक्रार करावयाची ठरविली असती, तर “मुलगा आपल्या मंडळीतला आहे” म्हणून आम्ही त्यांच्या घरी रदबदलीस जाणे हे पाप झाले असते. आपखुशीने प्यालेल्यास नशेची सबब कायदाही चालू देत नाही. ज्यास नकळत किंवा बळजबरीने पाजले त्याचीच गोष्ट वेगळी.

यजमानाचा दोष

आतापर्यंत पिणाऱ्याविषयीच बोललो. पाजणाऱ्याचे काय? ह्याविषयी आपल्या वऱ्हाडातच एक उत्तम धडा आहे, आणि तो आपल्या मंडळीबाहेरच्या पुरुषाकडून घेण्यास आम्हांस कमीपणा वाटत नाही. गाडगेमहाराज, मूळचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 23 फेब्रुवारी 1876 रोजी जन्मले. पिता झिंगराजी दारूपायी अकाली गेला, आणि माता सखूबाई लहानग्यास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. डेबूजी तेथे मामाकडे गुरे राखीत, शेती करीत वाढला. पुढे त्यास कन्या झाली. बारशास भाऊबंदांस दारू व मटण द्यावे अशी त्या काळची रीत. न दिल्यास जातीत तोंड दाखविण्याची चोरी! डेबूजीने पंगत घातली, पण गोडाधोडाची. पाहुण्यांचे कपाळ आठ्यांनी भरले, तरी त्याने रीत मोडली ती मोडलीच.

1905 साली घर सोडून गावोगाव झाडू घेऊन फिरण्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा तो महाराज नव्हता, साधा शेतकरी होता. पाहुण्यांस उपदेश करण्याऐवजी त्याने ताटातील पदार्थ बदलला, आणि रीत मोडल्याची लाज पाहुण्यांवर न टाकता यजमान म्हणून स्वतः सोसली. कचेरीचा वरिष्ठ, गिरणीचा मालक, लग्नघरचा कर्ता ह्यांना हे करणे जितके सोपे आहे तितके काल लागलेल्या कारकुनास नाही. नव्या नोकरास वरिष्ठाचा पेला परत करणे किती कठीण असते, हे ज्याने कधी नोकरी केली आहे त्यासच कळेल.

एकदाची फजिती की व्यसन?

हे ओळखण्यास डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारितात. पिणे कमी केले पाहिजे असे कधी वाटले काय? पिण्यावरून कोणी बोलल्यास राग आला काय? पिण्याबद्दल अपराधी वाटले काय? सकाळी उठताच हात स्थिर करण्यास घ्यावी लागली काय? दोन किंवा अधिक प्रश्नांस होकार आला, तर प्रकरण एका रात्रीचे नव्हे असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

येथे आम्ही उपदेशक बंधूंस कळकळीची विनंती करितो. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पितो, त्यास देवळात आणून “आजपासून थेंब घेणार नाही” अशी शपथ एकाएकी घेववू नका. अशा शरीरास दारू अचानक तोडल्यास दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, भलतेच दिसू लागते, आणि क्वचित प्राणही जातो. त्यास आधी सरकारी रुग्णालयात न्या, औषधाच्या आधाराने दारू सुटू द्या, शपथ मागाहून होईल. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी 1986 साली काढलेले मुक्तांगण हे ह्याच कामाचे केंद्र आहे. 1935 साली अमेरिकेत दोन मद्यपींनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या बंधुसंघाच्या सभा आपल्या राज्यातही भरतात. तेथे नाव-गाव विचारीत नाहीत, फीही घेत नाहीत.

त्या तरुणाच्या बाबतीत चारांपैकी एकाच प्रश्नास होकार मिळाला, तोही त्या सकाळपुरता.

क्षमा कशी मागावी

सायंकाळी तो उठला तेव्हा आम्ही दोघे ओट्यावर बसलो. राजीनाम्याची गोष्ट त्यानेच सोडली. मग काय बोलावे ह्याचा विचार केला. त्याने प्रथम जे वाक्य जुळविले ते असे होते की, आपण शुद्धीत नव्हतो, सोबत्यांनी फार पाजली, तरी राग मानू नये. आम्ही म्हटले, ह्यात तुझा अपराध कोठे आहे? सोबत्यांचाच दिसतो. शेवटी ठरले ते दोन ओळींचे: मी तुमची नक्कल केली, ते चूक होते, मला क्षमा करा. सर्वांदेखत नक्कल केली म्हणून शिपायाची क्षमा सर्वांदेखत मागावी. बाईंची मात्र तशी मागू नये, कारण त्यांस पुन्हा चारचौघांत तो प्रसंग सोसावा लागेल. आणि बरोबर मिठाईचा पुडा नेऊ नये. पुडा हाती घेतला की “असू द्या” म्हणणे भागच पडते.

सोमवारी तो गेला. शिपायाने ऐकून घेतले आणि म्हणाला, “मले रिक्षाचे साठ रुपये दे, बाकी जाऊ दे.” सारे हसले, तोही हसला. बाईंनी ऐकून घेतले, काहीच उत्तर दिले नाही, आणि आपल्या कामास लागल्या. पुढे कित्येक दिवस त्या त्याच्याशी कामापुरतेच बोलत. पुन्हा एकदा क्षमा मागू काय, असे त्याने आम्हांस विचारिले. आम्ही नको म्हटले. एकदा मागून झाली, आता द्यावयाची की नाही आणि केव्हा, हे त्यांच्याकडे आहे.

पुढील वर्षीच्या समारंभापूर्वी त्याने वरिष्ठांस आधीच सांगून ठेविले की आपण घेत नाही, आणि वाढप्याचे काम मागून घेतले. हाती भाताचे पातेले असले म्हणजे पेला कोणी देत नाही, असे तो सांगत होता.