धावणारी मेरी आणि आपल्या लेकी



गेल्या महिन्यात घरभेटी करत असताना डाळजच्या एका घरी पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या खिळ्यालाच अडकवलेले एक पदक दिसले. घरातली मुलगी नववीत आहे. शाळांच्या स्पर्धेत शंभर मीटरमध्ये ती पहिली आली होती. आम्ही अभिनंदन केले, तर वडील म्हणाले, “फादर, आता बास झालं. पुढच्या वर्षी दहावी. बारामतीला सरावाला हिला कोण नेणार-आणणार? लोकं बी नावं ठेवत्यात. आणि स्पर्धा रविवारीच येत्यात, मिस्सा चुकते.” मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. आम्हीही चहा संपवून, आशीर्वाद देऊन निघालो.

त्या दिवशी जे बोलायला हवे होते आणि बोललो नाही, ते आज येथे लिहीत आहोत.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात (ओवी २४ ते २७) संत पौल ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा देतो. धावणारे नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतात, तर आपण अविनाशी मुकुटासाठी किती पाळावा, असा त्याचा प्रश्न आहे. ही उपमा त्याने हवेतून आणलेली नाही. करिंथ शहराजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत. विजेत्याला सोन्याचे नव्हे, तर झाडपाल्याचे मुकुट मिळत आणि ते चार दिवसांत सुकून जात. पौल इ. स. ५० च्या सुमारास करिंथमध्ये दीड वर्ष राहिला. त्याचे वाचक हे मैदान ओळखून होते.

आता एक गोष्ट, जी आम्हांला सेमिनरीत कोणी सांगितली नव्हती. ग्रीसमधील डेल्फी येथे त्याच काळातला एक शिलालेख सापडला आहे. हर्मेसियानाक्स नावाच्या एका बापाने आपल्या तीन मुलींचे पुतळे उभारले आणि त्याखाली त्यांचे पराक्रम कोरून घेतले. त्यांतली एक ट्रायफोसा. तिने डेल्फीच्या आणि इस्थमियाच्याही मैदानावर मुलींची धावण्याची शर्यत जिंकली होती. म्हणजे पौलाने करिंथकरांना पत्र लिहिले त्याच्या थोडेच आधी त्या मैदानावर मुली धावत होत्या, आणि एका बापाला त्याचा इतका अभिमान होता की त्याने तो दगडात कोरला! (रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल एका त्रुफैसाला सलाम सांगतो. नाव तेच आहे, पण ती बाई वेगळी. गल्लत करू नये.)

आपल्याकडे असा बाप, असे शेजारी झालेच नाहीत काय? झाले आहेत. ज्येष्ठांपैकी काहींना मेरी डिसूझा हे नाव आठवत असेल. मुंबईच्या वांद्र्याची, आपल्यासारख्याच कॅथलिक घरातली मुलगी. जन्म १९३१ चा. ती हॉकीही खेळे आणि धावेही. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिने २०० मीटरमध्ये कांस्यपदक घेतले आणि चार बाय शंभर मीटरच्या रिलेत भारताच्या संघातून रौप्यपदक. रिलेचे सुवर्ण जपानने नेले.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, हेलसिंकीचे ऑलिम्पिक आले. स्वतंत्र भारताने प्रथमच ऑलिम्पिकला मुली पाठवायचे ठरवले. त्या चौघी होत्या: धावण्यासाठी मेरी आणि बंगालची नीलिमा घोष, पोहण्यासाठी आरती साहा आणि डॉली नाझीर. निवड झाली, पण पैसा कुठे होता? तेव्हा वांद्र्याचे शेजारी आणि मित्रमंडळी पुढे झाली. त्यांनी निधीसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला, पत्त्यांच्या खेळाचा मेळावा भरवला. आपल्याकडे सणाच्या वेळी हौजीचे तिकीट घेतो ना, तसेच. पैसा पैसा जमवून त्यांनी आपली मुलगी फिनलंडला धाडली.

तेथे ती १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाद झाली. मग वांद्र्याचे पैसे वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही.

हेलसिंकीत एक गोष्ट घडली ती पाहा. ऑस्ट्रेलियाची मार्जोरी जॅक्सन त्या वर्षी जगात सर्वांत वेगवान ठरली; १०० आणि २०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके तिचीच. रिलेच्या अंतिम फेरीतही तिचा संघ पुढे होता. पण शेवटच्या अदलाबदलीत दांडी हातातून सुटली आणि ऑस्ट्रेलिया पाचवी आली. रिलेत पुढची धावपटू मागे न पाहता पळू लागते आणि हात मागे धरते. त्या काळी २० मीटरच्या टप्प्यात दांडी तिच्या हातात पडावी लागे. मागून येणारी देईल, या भरवशावर ती धावते. तेथे एकटीचा वेग पुरत नाही.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, मनिलाच्या आशियाई स्पर्धेत मेरी पुन्हा रिलेत उभी राहिली. सोबत क्रिस्टीन ब्राउन, व्हायोलेट पीटर्स आणि आपल्या पुण्याची स्टेफी डिसूझा. स्टेफी तेव्हा अवघी १७ वर्षांची! त्या काळी आशियात जपानी मुलींचा दरारा होता. तरी ४९.५ सेकंदांत या चौघींनी सुवर्णपदक जिंकले. चौघींची नावे वाचा; आपल्या बाप्तिस्मा नोंदवहीत शोभतील अशी आहेत.

स्टेफी पुढे १९५८ च्या आशियाई स्पर्धेत २०० मीटरमध्ये दुसरी आली. १९६३ मध्ये तिला ॲथलेटिक्ससाठी अर्जुन पुरस्कार मिळाला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती ४०० मीटर धावली. महिलांची ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये तेव्हा पहिल्यांदाच होत होती. त्याच टोकियोत पोलंडची १८ वर्षांची इरेना किर्शेनस्टाइन २०० मीटर आणि लांब उडीत रौप्यपदके मिळवत होती. रिलेत तिच्या संघाने ४३.६ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले. मेरीची आठवण देशाला जरा उशिराच झाली: तिला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये.

आता पुन्हा डाळजच्या त्या घराकडे येऊ. वडिलांच्या अडचणी खोट्या नाहीत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून पहाटे मुलीला रस्त्यावर पळायला सोडणे कोणत्या बापाला आवडेल? बुटांचा खर्च आहे, दहावी आहे. पण “लोकं नावं ठेवत्यात” हे कारण आम्हांला मान्य नाही. संत थॉमस शिकवतात की कृपा निसर्गदत्त गुण मोडून टाकत नाही, तो पूर्णत्वाला नेते. त्या मुलीचे पाय देवानेच दिले आहेत.

राहिली मिस्सा. येथे आम्हांला आमचाच दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, स्पर्धेमुळे दोन रविवार न आलेल्या एका मुलीला आम्ही प्रवचनात, नाव न घेता पण सर्वांना कळेल असे, बोललो होतो. तिने स्पर्धाही सोडल्या आणि काही दिवस देवळात येणेही. रविवारची मिस्सा आपल्या विश्वासाचा कणा आहे, त्यात सूट नाही. पण आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेला आल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे (कलम १२४८). हे आम्ही त्या मुलीला तेव्हा सांगायला हवे होते.

म्हणून विनंती अशी: ज्यांच्या मुला-मुलींची रविवारी स्पर्धा वा निवड चाचणी असेल, त्यांनी बुधवारपर्यंत आम्हांला कळवावे. त्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मिस्सा ठेवू, दोनच माणसे आली तरी. बारामतीला सरावासाठी नेण्या-आणण्याचे ज्यांना आठवड्यातून एक दिवस जमेल, त्यांनी मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. पहिले नाव आमचे लिहिले आहे, मंगळवारसाठी. त्या वडिलांना भेटायला आम्ही या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.

आपला,
धर्मगुरू