पहाटेचा किनारा आणि कलम २९६

प्रश्न : वय ४२, चेन्नईत नोकरी. चारचौघांत विवस्त्र वावरण्याचा अनुभव एकदा घ्यावासा वाटतो. पहाटे बेझंटनगरच्या किनाऱ्यावर जमेल?

उत्तर : मुळीच नाही. तिथे पहाटेही फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२० मध्ये गोव्यात विवस्त्र धावलेल्या अभिनेता मिलिंद सोमणवरही गुन्हा नोंदवला गेला. इच्छा मात्र विकृत नव्हे. १८९१ मध्ये ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश क्रॉफर्ड यांनी चक्क विवस्त्र वावरणाऱ्यांचं मंडळ काढलं होतं; सदस्य अवघे तीन! युरोपात जाल तेव्हा विवस्त्र वावरण्यासाठीचा अधिकृत किनारा निवडा. टॉवेल अंथरूनच बसा, मोबाइल पिशवीत ठेवा, टक लावून पाहू नका. भारतातल्या अशा ‘खासगी पार्टी’साठी कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका.